सुट्टीत परदेशातल्या अनाथाश्रमात सेवा करायला जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण, दोघी नोकरी करतो, डिसेंबरच्या शेवटी आम्हाला दोन आठवडे सुट्टी मिळते. दरवेळी नुसतं फिरून येतो, यंदा वाटलं की काहीतरी चांगलं काम करावं. नेटवर शोधलं तर एक संस्था सापडली, कंबोडियात सिएम रीपजवळच्या अनाथाश्रमात राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं आणि ख्रिसमसचा कार्यक्रम बसवायचा. फी बरीच आहे पण राहणं जेवण त्यातच आलं. फॉर्म लगेच भरून झाला, पासपोर्टची कॉपी आणि पैसे एवढंच मागितलं त्यांनी. फोटोतली मुलं इतकी गोड आहेत की आम्ही आत्तापासूनच खेळणी जमवायला लागलोय. पण माझा भाऊ म्हणतो जाऊ नका, यात घोळ असतो. मला कळत नाही की ज्यांचं कुणी नाही त्यांना दोन आठवडे माया लावली तर त्यात वाईट काय? तुम्ही बालगृहात काम केलंय, तुम्हीच सांगा.

उत्तर: तुझ्या आणि मैत्रिणीच्या मनात जे आहे ते खरंच चांगलं आहे, हक्काची सुट्टी आणि स्वतःच्या कमाईचे पैसे परक्या मुलांसाठी द्यावेसे वाटतात हे थोडं नाही. तरी माझं उत्तर सरळ आहे, जाऊ नका. भाऊ बरोबर बोलतोय. का ते नीट सांगते, कारण नुसतं नको म्हटलं तर उत्साह तिथेच मावळेल आणि ते मला अजिबात नकोय.

पहिली गोष्ट म्हणजे तू लिहिलंस ना, ज्यांचं कुणी नाही, तर त्यातल्या बहुतेकांचं कुणीतरी आहे. कंबोडियाचंच बघ. २०११ मध्ये तिथल्या सरकारनं आणि युनिसेफनं मिळून पाहणी केली तर असं दिसलं की अनाथाश्रमातल्या दर चार मुलांपैकी साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत आहेत. आणि २००५ ते २०१० या काळात आश्रमांची संख्या साधारण ७५ टक्क्यांनी वाढली. आता विचार कर, त्या वर्षांत तिथे युद्ध नव्हतं, आईबाप गमावलेली मुलं काही अचानक वाढली नव्हती, वाढत होते ते पर्यटक. आश्रम पण कुठे उघडले तर जिथे विमानं उतरतात आणि हॉटेलं आहेत तिथे, राजधानीत आणि तुझ्या त्या सिएम रीपच्या आसपास, म्हणजे अंगकोरची मंदिरं बघायला जगभरातून लोक येतात तिथे. गरिबी जास्त आहे ती खेड्यात, आश्रम मात्र मंदिरांच्या रस्त्यावर.

हे कसं होतं तर कुणीतरी गावात जातं, आईला सांगतं की तुझ्या मुलाला शहरात शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, इंग्रजी शिकेल. आई मुलाला टाकून देत नसते गं, ती त्याचं भलं बघत असते. तिला शाळेचा खर्च जमत नसतो, किंवा नवरा गेलेला असतो, किंवा मूल अपंग असतं आणि जवळपास उपचार नसतात. मग ते मूल आश्रमात येतं, तिथे त्याच्या नावावर देणग्या आणि तुमच्यासारख्यांची फी सुरू होते आणि एकदा पैसा सुरू झाला की त्या मुलाला परत घरी पाठवण्यात चालवणाऱ्याला काहीच फायदा उरत नाही. सगळेच आश्रम असे नसतात हे मी मुद्दाम सांगते, मनापासून चालवणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पण जिथे वाईट आहे तिथे फार वाईट आहे, मुलांना पर्यटकांसमोर नाचायला उभं करतात, आणि काही ठिकाणी तर मुलांना मुद्दाम अशा अवस्थेत ठेवतात की पाहुण्याचं मन हेलावावं. तू भरलेली फी कुठल्या बाजूला जाणार हे तुला इथे बसून फोटोवरून कळणार नाही आणि तिथे जाऊनही दोन आठवड्यांत कळणार नाही.

आता मायेबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे.

तू गेटमधून आत जाशील तेव्हा चार पाच मुलं धावत येतील, कडेवर चढतील, गळ्यात पडतील, आणि तुला वाटेल की किती प्रेमळ आहेत ही मुलं, किती भुकेली आहेत मायेला. बालगृहात काम करणाऱ्यांना हेच दृश्य काळजीचं वाटतं. घरात वाढणारं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं, हळूच डोकावतं, मग पाच दहा मिनिटांनी जवळ येतं. त्याला माहीत असतं की माझं माणूस कोण आणि परकं कोण. जे मूल येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडतं त्याला आपलं असं माणूस मिळालेलंच नसतं, किंवा मिळालं आणि सारखं हातातून गेलं. त्यावर खूप अभ्यास झालाय. रोमानियात बुखारेस्टला २००० साली संशोधकांनी संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला, निम्म्या मुलांना फॉस्टर म्हणजे सांभाळणाऱ्या कुटुंबांत नेलं आणि मग वर्षानुवर्षं सगळ्यांची वाढ तपासत राहिले. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीनं, बोलण्यात, माणसांशी नातं जोडण्यात पुढे गेली आणि साधारण दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. संस्थेत त्यांना खायला प्यायला मिळत होतं की, औषधं पण मिळत होती, नव्हतं ते रोज तेच, आपलं, न बदलणारं माणूस.

आणि तुम्ही नेमकं बदलणारं माणूस होऊन जाणार आहात. तुमच्या आधी कुणी येऊन गेलं असेल, तुमच्या नंतर कुणी येईल, प्रत्येक जण जीव लावणार, प्रत्येक जण रडत रडत निघणार. तुम्ही विमानात बसाल आणि ते मूल पुन्हा एकदा शिकेल की जवळ येणारं माणूस जाणारच असतं. हे एकदा दोनदा झालं तर मूल सावरतं, पण अख्खं बालपण जर असं गेलं तर पुढे त्याला कुणावर विश्वास टाकता येत नाही, मैत्री टिकवता येत नाही, आणि गोड बोलणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाबरोबर ते सहज निघून जाऊ शकतं.

डिसेंबरचं तर वेगळंच सांगायला हवं. या महिन्यात अशा ठिकाणी माणसांची रीघ लागते, रोज कुणीतरी केक आणतं, रोज नाचगाणी, रोज फोटो, मुलांची झोप जेवण शाळा सगळं विस्कटतं. त्याच त्या खेळण्यांचे ढीग येतात आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. मग जानेवारी उजाडतो आणि एकदम कुणीच नसतं. जानेवारीत बालगृहात थांबून बघितलंय मी, झोपेत अंथरूण ओली करणारी मुलं वाढतात, काही जण जेवत नाहीत, काही जण विनाकारण दुसऱ्याला मारतात, आणि हे सगळं निस्तरतात त्या रात्रपाळीच्या मावश्या, ज्यांचा पगार बघितला तर तुला वाईट वाटेल. सणाचा दिवस कुणी साजरा करायचाच असेल तर त्या मावश्यांनी मुलांबरोबर करावा, लहानसा, घरच्यासारखा.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मला सगळ्यात जास्त टोचली. पासपोर्टची कॉपी आणि पैसे एवढंच मागितलं. तुमच्या मनात वाईट नाही हे तुला माहीत आहे, पण त्या संस्थेला कसं माहीत? पोलिसांचा चारित्र्य दाखला नाही, ओळखीच्या दोन माणसांकडे चौकशी नाही, मुलाखत नाही, मुलांशी कसं वागायचं याचे लेखी नियम नाहीत. ज्या दारातून तू इतक्या सहज आत जाणार त्याच दारातून मुलांचं लैंगिक शोषण करणारा माणूस पण तितक्याच सहज आत जाईल, आणि अशी माणसं असल्या जागा शोधत फिरतात हे वेगवेगळ्या देशांतल्या खटल्यांमधून पुढे आलेलं आहे. जी संस्था तुझी चौकशी करत नाही तिला मुलांची काळजी नाही, मग तिच्या वेबसाइटवर काहीही लिहिलेलं असू दे.

भावाला हे पण सांग की हे फक्त त्याचं माझं मत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा आला तेव्हा पैशासाठी मुलांना अनाथाश्रमात आणून ठेवणं हा गुलामगिरीचाच प्रकार आहे हे तिथे मान्य झालं. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या अशा स्वयंसेवेमुळे आणि पर्यटनामुळे मुलांचं होणारं नुकसान थांबवा असं देशांना सांगितलं. खुद्द कंबोडियात तर २०११ पासून फ्रेंड्स इंटरनॅशनल नावाची संस्था पर्यटकांना विनवतेय की बाबांनो आमची मुलं ही बघायची ठिकाणं नाहीत.

मग तुम्ही करायचं काय? कंबोडियाला जायचं असेल तर खुशाल जा, अंगकोर बघा, आणि तिथे रस्त्यावर वाढलेल्या तरुण मुलामुलींना स्वयंपाकाचं आणि हॉटेलचं काम शिकवणारी ट्रेनिंग रेस्टॉरंट्स आहेत तिथे जेवा, गावातल्या बायकांनी विणलेलं काही विकत घ्या. हा पैसा मोठ्या माणसाच्या हातात पगार म्हणून जातो आणि आईच्या हातात पगार आला की मूल घरात राहतं. जी फी तुम्ही भरणार होता ती मुलांना घरी परत नेणाऱ्या किंवा घरातून बाहेर पडूच न देणाऱ्या संस्थेला द्या, म्हणजे शाळेचा खर्च, आईला शिलाईमशीन, अपंग मुलासाठी गावाजवळ दिवसभराचं केंद्र असलं काम करणारी. आणि सेवा हातानंच करायची असेल तर तुम्ही दोघी नोकरीत काय करता ते तू लिहिलं नाहीस, पण हिशोब, भाषांतर, वेबसाइट, अर्ज लिहून देणं, यातलं काही येत असेल तर अशा संस्थांना त्याची फार गरज असते आणि ते घरी बसून वर्षभर थोडं थोडं करता येतं. त्यात गळ्यात पडणारी मुलं नाहीत, फोटो नाही, आणि मला मान्य आहे की त्यात ते समाधान लगेच मिळत नाही.

जमवलेली खेळणी जवळच्या एखाद्या कुटुंबाला द्या, आईच्या हातात द्या म्हणजे ती तिच्या हातानं मुलाला देईल.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजात आहे. सुट्टीत तिचा ग्रुप नेपाळला एका बालगृहात जातोय. ती म्हणते बाबा आम्ही मुलांना हात पण लावणार नाही, फक्त भिंती रंगवणार आणि लायब्ररी लावून देणार. व्हिसाचं विचारलं तर एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसावर चालतं, सगळे तसंच जातात. परवानगी द्यावी का?

उत्तर: एजंटनं तुम्हाला चुकीचं सांगितलंय. भारतीय पासपोर्ट असेल तर नेपाळला व्हिसाच लागत नाही, आणि परदेशी पासपोर्ट असेल तर टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, त्यात बिनपगारी स्वयंसेवा पण आली. जो माणूस पहिल्याच पायरीवर नियमांबद्दल चुकीचं सांगतो तो मुलांच्या बाबतीत कुठले नियम पाळत असेल? एवढ्या एका कारणावर मी नाही म्हणेन.

पण मुलीला नुसतं नाही म्हणू नका, तिच्याशी बसून बोला. तिला सांगा की नेपाळमध्ये १९९६ ते २००६ यादवी चालू होती तेव्हा हुमलासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून दलाल मुलं घेऊन यायचे, आईबापांना सांगायचे की पोरं सुरक्षित राहतील, शिकतील, त्यासाठी पैसे पण घ्यायचे, आणि काठमांडूत आणून कागदोपत्री आईबाप मेलेले दाखवायचे. काही मुलांना पुढे शोधून घरी पोचवलं गेलं तेव्हा दारात आई उभी होती. नंतर युद्ध संपलं तरी बालगृहं पर्यटक जातात त्याच जिल्ह्यांत गर्दी करून राहिली. ही गोष्ट कॉलेजातल्या मुलांना फार पटकन कळते, आपण समजतो त्यापेक्षा जास्त.

भिंत रंगवण्याबद्दल एवढंच की तिथे रंगारी आहेत आणि त्यांना मजुरीची गरज आहे. आणि हात लावणार नाही म्हटलं तरी बालगृह म्हणजे मुलांचं घर, तुम्ही ब्रश घेऊन अंगणात उभे राहिलात की मुलं येणारच, मग फोटो येणार, मग ते फोटो नेटवर जाणार. मुलीला डोंगर, माणसं, काम असं सगळं हवं असेल तर पायवाटा दुरुस्त करणं, झाडं लावणं, कचरा गोळा करणं अशी कामं रीतसर परवानगी काढून करणारे गट शोधा, मात्र तिथेही आधी व्हिसाचंच विचारा. शिवाय कुठल्याही संस्थेला हे विचारायला लावा तिला: माझ्या फीतले किती पैसे तिथे पोचतात, आम्ही नसताना हे काम कोण करतं, आणि आम्ही आलोच नाही तर तुमचं काय अडेल? शेवटच्या प्रश्नाला काहीच अडणार नाही असं उत्तर देणारी संस्था चांगली समजावी.

प्रश्न: मी केनियातल्या एका बालगृहाला बरीच वर्षं पैसे पाठवतेय. एकदा नाताळच्या सुट्टीत तिथे जाऊन आले तेव्हा एका मुलीशी खूप जवळीक झाली, ती आता मोठी होतेय, आम्ही एकमेकींना पत्रं लिहितो. आता मी सगळीकडे वाचतेय की अशा संस्थांना मदत करू नये. लगेच बंद करू का? आणि त्या मुलीचं काय?

उत्तर: लगेच अजिबात बंद करू नका. हे मी ठासून सांगते कारण नवीन काही वाचलं की लोक घाईनं हात काढून घेतात आणि त्याचा फटका त्या महिन्याच्या जेवणाला बसतो, मुलांना बसतो. देणगी अचानक आटली तर काही ठिकाणी मुलांना नीट तयारी न करता गाडीत घालून घरी सोडून येतात, ना आईला आधी सांगितलेलं, ना शाळेचं बघितलेलं, ना घरात आधी मारहाण होत होती का याची चौकशी. काही मुलं खरोखर घरी जाऊच शकत नाहीत. मुलाला घरी नेणं हे महिनोन्महिन्यांचं काम आहे, घर शोधा, नातेवाइकांना भेटा, मुलाला आधी सुट्टीपुरतं पाठवून बघा, घरी गेल्यावर समाजसेविकेनं पुन्हा पुन्हा जाऊन बघा, आई नसेल तर मावशी काका आजी कोण घेईल ते पाहा, कुणीच नसेल तर फॉस्टर कुटुंब.

तुमचा देणगीदार म्हणून तिथे शब्द आहे, तो वापरा. त्यांना पत्र लिहून विचारा की तुमच्याकडच्या किती मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक माहीत आहेत, मागच्या वर्षी किती मुलं घरी गेली, समाजसेवक किती आहेत. केनिया सरकारचं धोरण पण आता याच दिशेचं आहे, २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलांना संस्थांमधून कुटुंबांकडे नेण्याचा २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा आराखडा केलाय. त्यामुळे तुम्ही काही भलतंच मागत नाही आहात. त्यांना म्हणा की मी पैसे चालू ठेवते पण यापुढे ते मुलांना घरी नेण्याच्या कामासाठी, समाजसेविकेच्या पगारासाठी वापरा. जी संस्था खरी आहे ती या पत्रानं खूश होईल, त्यांना कदाचित हेच करायचं असेल आणि देणगीदार फक्त इमारतीला नि खेळण्यांना पैसे देतात म्हणून अडलं असेल, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. टाळाटाळ झाली, हिशोब नाही मिळाला, तर मुदत सांगून हळूहळू पैसे कमी करा आणि त्याच भागात कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या संस्थेकडे वळवा.

मुलीला पत्रं लिहीत राहा. तुम्ही एकदा भेटलात आणि नंतर इतकी वर्षं टिकलात, तुम्ही तिच्या आयुष्यात न गेलेलं माणूस आहात, ते मोडू नका. फक्त मी येईन, तुला घेऊन जाईन असलं काही चुकूनही लिहू नका, जे नक्की करणार तेवढंच लिहा. तिच्या एकटीसाठी महागडी भेट पाठवू नका, बाकीच्या मुलींमध्ये राहायचंय तिला. तिला तिच्या आईबद्दल, भावंडांबद्दल, गावाबद्दल विचारा, आठवतंय का, जाऊन भेटावंसं वाटतं का, पण तिच्यावर जोर न करता, आणि आधी तिथल्या समाजसेविकेशी बोलून घ्या कारण घरून येताना काय घडलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. ती अठरा वर्षांची होईल तेव्हा बालगृहातून बाहेर पडावं लागेल, आणि अशा मुलींना त्या वयात भाड्याची खोली कशी घ्यायची, बँकेत खातं कसं उघडायचं, आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. तुमचा खरा उपयोग तेव्हा आहे. नाताळची भेट म्हणून जे पैसे पाठवता ते आत्तापासून तिच्या शिक्षणासाठी आणि त्या पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, आणि तशी व्यवस्था संस्थेमार्फत लेखी कशी करता येईल ते या महिन्यातच विचारून घ्या.